काळ्या पडद्यामागची गर्दी

१९६२ साल. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये ॲलन शेर नावाच्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला संगणक वापरायला आठवड्याला चार तास मिळत. काम मात्र चार तासांत मावत नव्हतं. त्याने एक शक्कल लढवली. पंचकार्डावर रीतसर विनंती लिहून त्याने चक्क सगळ्यांच्या पासवर्डची फाइलच छापून मागवली. मशीनने ती निमूट छापून दिली! मग इतरांच्या नावाने लॉगिन करून पठ्ठ्याने आपलं संशोधन पुढे रेटलं आणि याची कबुली दिली ती साधारण पंचवीस वर्षांनी.

पासवर्ड लागलाच का? कारण संगणक एक आणि माणसं अनेक. एमआयटीतलेच फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोव्हेंबर १९६१ मध्ये एक प्रयोग करून दाखवला: एकाच मशीनला अनेक टर्मिनलं जोडायची, मशीनने प्रत्येकाला क्षणभर वेळ द्यायचा आणि प्रत्येकाला वाटावं की संगणक आपल्याच दिमतीला आहे. त्याआधी कार्डांचा गठ्ठा खिडकीवर द्यायचा आणि उत्तरासाठी तासन् तास, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायचं, अशी रीत होती.

कमांड लाइन म्हटलं की डोळ्यांसमोर येतो एकटा माणूस, काळा पडदा आणि लुकलुकणारा कर्सर. पण हा पडदा गर्दीसाठी जन्मला. नवशिक्याला त्यात जे जे चमत्कारिक वाटतं, त्यातल्या बहुतेकांचं मूळ ‘मशीन एक, माणसं अनेक’ या संसारात आहे. म्हणून माझं ठाम मत असं, की कमांड लाइन शिकायची तर कॉलेजच्या लॅबमधल्या सर्व्हरसारख्या सामायिक मशीनवरच शिकावी. तिथे प्रत्येक कमांडचं कारण समोर दिसतं. (पुढे कमांड उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. मशीनवर त्या इंग्रजी छोट्या अक्षरांत टाकायच्या. मोठं अक्षर टाकलंत तर लिनक्स, म्हणजे युनिक्सच्या वळणावरची आजची यंत्रणा, ती वेगळीच कमांड समजतं.)

की-बोर्ड बिघडला नाही!

पहिल्याच लॉगिनला नवखा माणूस गडबडतो तो इथे. पासवर्ड टाइप करतोय, पण पडद्यावर काहीच उमटत नाही. ठिपके नाहीत, फुल्या नाहीत. कॉर्बाटोंच्या यंत्रणेतही पासवर्ड विचारताना छपाई बंद केली जाई. त्या काळी टर्मिनल म्हणजे कागदावर छापणारं यंत्र होतं आणि कागद टेबलावर तसाच पडून राही. शेजारी येऊन बसणाऱ्याने तो वाचू नये, म्हणून ही खबरदारी. तुम्ही बिनधास्त टाइप करा आणि एंटर दाबा.

याच यंत्रणेत १९६६ मध्ये धमाल गोंधळ झाला. मजकूर दुरुस्त करणारा एडिटर आपली तात्पुरती फाइल नेहमी एकाच नावाने ठेवायचा. एकदा एक जण ‘आजची सूचना’ दुरुस्त करत होता आणि त्याच वेळी दुसरा पासवर्डची फाइल. दोन्ही तात्पुरत्या फाइलींची अदलाबदल झाली, आणि लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाच्या टर्मिनलवर आजची सूचना म्हणून सर्वांचे पासवर्ड छापून येऊ लागले. पुढच्या यंत्रणा शहाण्या झाल्या. त्यांनी पासवर्ड जसाच्या तसा ठेवणं बंद केलं आणि त्याचं उलटं न फिरवता येणारं सांकेतिक रूप तेवढं साठवलं.

तेही कायमचं सुरक्षित नसतंच. युनिक्स या संगणक-यंत्रणेचे जनक केन थॉम्प्सन यांच्या पासवर्डचं असं सांकेतिक रूप १९८० च्या आसपासच्या एका जुन्या फाइलीत राहून गेलं होतं. २०१९ मध्ये उत्साही मंडळींनी ते अखेर फोडलं. आत काय निघालं? बुद्धिबळातली खेळी! वजिरापुढचं प्यादं दोन घरं पुढे. याच थॉम्प्सननी घडवलेलं ‘बेल’ हे बुद्धिबळयंत्र १९८० मध्ये संगणकांचं जगज्जेतं ठरलं होतं.

दोन अक्षरांत कारभार

यादी हवी तर ‘एलएस’. नक्कल करायची तर ‘सीपी’. फाइल हलवायची तर ‘एमव्ही’, पुसायची तर ‘आरएम’. एवढी काटकसर कशासाठी? उत्तर आहे टेलिटाइप मॉडेल ३३. युनिक्सच्या बाळपणी वापरात असलेलं हे टर्मिनल सेकंदाला जेमतेम दहा अक्षरं छापायचं आणि त्याच्या कळा दाबायला बोटांत जोर लागायचा. प्रत्येक अक्षर वाचवणं ही खरीखुरी बचत होती.

दुसरी सवयही तेव्हाचीच: काम फत्ते झालं तर मशीन गप्प राहतं. ‘सीपी’ने फाइलची नक्कल झाली की ‘झाली बरं का’ असा निरोप येत नाही, नुसता प्रॉम्प्ट, म्हणजे पुढच्या कमांडची वाट पाहणारी खूण, परत येतो. गप्प म्हणजे ठीक, हे नवशिक्याने पहिल्याच दिवशी मनात कोरून ठेवावं. ‘ईडी’ नावाचा जुना एडिटर तर चूक झाली तरी फक्त ‘?’ छापायचा. काय चुकलं ते तुम्ही शोधा!

१४४ किलोबाइट, चौदा माणसं

केन थॉम्प्सन आणि त्यांचे सहकारी डेनिस रिची यांनी १९७४ मध्ये युनिक्सवर जो गाजलेला लेख प्रसिद्ध केला, त्यात ते काम करत त्या बेल लॅब्ज या प्रयोगशाळेतल्या मशीनचा ताळेबंद दिला आहे. मेमरी १४४ किलोबाइट. खातेदार ७२. एका वेळी जास्तीत जास्त १४ माणसं. फाइली ४,४००. आज मोबाइलवर काढलेला साधा फोटो त्या मेमरीच्या दहापटीहून मोठा भरतो, आणि तिथे चौदा जण एकाच वेळी लिहीत होते, प्रोग्रॅम चालवत होते.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे रिची यांनी पुढे लिहून ठेवलेली आठवण. त्यांच्या गटाला प्रोग्रॅमिंगची चांगली सोय तर हवी होतीच, पण ज्याच्याभोवती माणसांचा मेळ जमेल अशी व्यवस्थाही हवी होती. १९६९ मध्ये बेल लॅब्ज ‘मल्टिक्स’ या मोठ्या सामायिक प्रकल्पातून बाहेर पडली, तेव्हा ही सोबतच हातातून निसटत होती. युनिक्स उभं राहिलं ते ती टिकवण्यासाठी. मला या साऱ्या इतिहासातलं हे सर्वांत मोलाचं वाटतं.

कोण आलंय? कोण गेलंय?

सामायिक मशीनवर पहिला खेळ हाच खेळावा. ‘हू’ टाका, आत्ता कोणकोण लॉगिन आहे त्याची यादी येते. नुसतं ‘डब्ल्यू’ टाका, कोण काय चालवतंय तेही दिसतं. ‘हूॲमआय’ विचारलंत तर मशीन तुम्हालाच तुमचं नाव सांगतं. आणि ‘हू’च्या पुढे उभी रेघ | काढून ‘डब्ल्यूसी -एल’ जोडलंत तर यादीतल्या ओळी मोजून मिळतात, म्हणजेच किती लॉगिन चालू आहेत त्याचा आकडा. या उभ्या रेघेला ‘पाइप’ म्हणतात. बेल लॅब्जमधलेच डग मॅकिलरॉय ही कल्पना १९६४ पासून मांडत होते. १९७३ मध्ये थॉम्प्सननी ती मनावर घेतली आणि एका रात्रीत युनिक्समध्ये घालून टाकली. छोटी छोटी कामं जोडून मोठं काम करायची ही किमया तुम्ही पहिल्या तासात शिकू शकता.

‘फिंगर’ या कमांडचा किस्सा तर झकास. स्टॅनफर्डच्या प्रयोगशाळेत लेस अर्नेस्ट पाहायचे, की लोक हजेरीच्या यादीवरून बोट फिरवत हवं ते नाव शोधतात. १९७१ मध्ये त्यांनी ते काम करणारा प्रोग्रॅमच लिहिला. माणसाचं पूर्ण नाव, तो शेवटचा कधी आला होता, वगैरे माहिती त्यात मिळे. शिवाय प्रत्येकाला ‘प्लॅन’ नावाची फाइल ठेवता येई: सुट्टीवर आहे, सोमवारी येतो, छापाचा निरोप. १९९० च्या दशकात ‘क्वेक’ या खेळाचे कर्ते जॉन कारमॅक आपल्या कामाची खबरबात याच फाइलीत लिहायचे आणि जगभरचे चाहते ती वाचायचे.

आणि कार्नेगी मेलन विद्यापीठातलं कोकचं मशीन! १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या मंडळींनी ते संगणकाला जोडलं. खाली उतरून जाण्याआधी टर्मिनलवरूनच विचारायचं: बाटल्या आहेत का, आणि गार झाल्यात का? किती वेळ आत आहे त्यावरून बाटली गार झाली की नाही, ते मशीन सांगायचं.

गप्पाही तेव्हापासूनच आहेत. ‘राइट’ कमांडने दुसऱ्याच्या पडद्यावर थेट मजकूर पाठवता येतो. दोघंही एकदम लिहू लागले की खिचडी होते, म्हणून वायरलेसवाल्यांसारखा रिवाज पडला: आपलं बोलणं संपलं की ओळीवर एकच ‘ओ’, संभाषणच संपलं की दोन ‘ओ’. कुणी सतावू नये असं वाटलं तर ‘मेसग’ पुढे ‘एन’ टाकून दार लावून घ्या.

खोली आपली, गॅलरी सगळ्यांची

चाळीत जशी खोली आपली असते आणि गॅलरी सगळ्यांची, तसंच इथलं आहे. लॉगिन केलंत की तुम्ही आपल्या ‘होम’मध्ये असता. ‘एलएस -एल’ टाकलं की प्रत्येक फाइलपुढे अक्षरांच्या तीन तिकड्या दिसतात: पहिली मालकासाठी, दुसरी गटासाठी, तिसरी बाकीच्यांसाठी. वाचण्याचे चार गुण, लिहिण्याचे दोन, चालवण्याचा एक. बेरीज करायची. ७५५ म्हणजे मालकाला सगळे अधिकार, इतरांना वाचायला आणि चालवायला मुभा. ७०० म्हणजे दुसऱ्या कुणालाही प्रवेश नाही. नवं खातं मिळालं की आपल्या होमवर ‘सीएचमॉड ७००’ करावं की नाही, हा विचार पहिल्या दिवशीच करा. काही मशीनवर तुमचं घर सुरुवातीला इतरांना उघडं असतं.

यातली एक गंमत भल्याभल्यांना माहीत नसते. फाइल पुसता येईल की नाही, हे फाइलच्या अधिकारावर ठरत नाही, ती ज्या फोल्डरमध्ये आहे त्याच्या अधिकारावर ठरतं. मग ‘टेम्प’ या सगळ्यांना लिहिता येणाऱ्या फोल्डरचं काय? तिथे कुणीही कुणाचंही पुसेल! त्यावर उपाय म्हणून अधिकारांच्या ओळीच्या शेवटी ‘टी’ हे अक्षर बसवलेलं असतं. ते असलं की आत कुणीही फाइल ठेवावी, पण पुसायची ती आपलीच.

एक कळकळीची सूचना. कमांडच्या ओळीतच पासवर्ड कधीही लिहू नका. बहुतेक सामायिक मशीनवर ‘पीएस’ कमांडने इतरांना तुमची चालू कमांड पूर्ण ओळीसकट दिसते आणि ती तुमच्या ‘हिस्ट्री’च्या फाइलीतही जाऊन बसते.

सौजन्य, उणे वीस ते एकोणीस

मला सर्वांत आवडणारी कमांड म्हणजे ‘नाइस’. मोठं, वेळखाऊ काम चालवायचं असेल तर त्याआधी हा शब्द लावायचा. मशीन ते काम थोडं मागे ठेवतं आणि इतरांना आधी वाट देतं. लिनक्समध्ये हा आकडा उणे २० ते १९ असतो. जितका मोठा, तितके तुम्ही सौजन्यशील. साधा वापरकर्ता हा आकडा वाढवू शकतो. शून्याखाली नेऊन इतरांच्या पुढे घुसायचा अधिकार मात्र फक्त व्यवस्थापकाला, म्हणजे ‘रूट’ला.

इथे कचऱ्याची टोपली नाही

‘आरएम’ने पुसलेलं परत येत नाही. ही धास्ती किती खरी, ते पिक्सार या ॲनिमेशन स्टुडिओला विचारा.

१९९८ मध्ये ‘टॉय स्टोरी २’चं काम चालू होतं. सगळे कलाकार एकाच साठ्यातल्या फाइलींवर काम करत होते. तिथे कुणीतरी पुसण्याची कमांड ‘सगळंच, न विचारता’ या खुणांसकट चालवली. पिक्सारचे ओरेन जेकब हे वुडी या पात्राच्या फाइली पाहत असताना त्याची टोपी, मग बूट, मग तो स्वतःच यादीतून नाहीसा होऊ लागला. त्यांनी फोन करून मशीनची वायरच उपटायला सांगितलं, पण तोवर चित्रपटाचा सुमारे ९० टक्के भाग गेला होता. बॅकअप होता, पण तो नीट घेतलाच जात नव्हता आणि हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. अखेर आठवण झाली चित्रपटावर काम करणाऱ्या गॅलिन सुसमन यांची. बाळंतपणानंतर त्या घरून काम करत होत्या आणि त्यांच्या घरच्या संगणकावर चित्रपटाची प्रत होती. तो संगणक ब्लँकेटमध्ये गुंडाळून गाडीने स्टुडिओत आणला. चित्रपट नोव्हेंबर १९९९ मध्ये झळकला.

नवशिक्याने यातून घाबरून जायचं कारण नाही. तुमच्याकडे साधं खातं आहे ना? मग तुम्ही फार तर स्वतःच्या फाइली घालवाल. मशीन किंवा शेजाऱ्याचं काम तुमच्या आवाक्याबाहेर आहे. स्वतःच्या लॅपटॉपवर सारे अधिकार हातात असताना शिकण्यापेक्षा हे किती निर्धास्त! ‘आरएम -आय’ लिहायची सवय लावली तर मशीन प्रत्येक फाइलला आधी विचारतं.

मोठे अधिकार तात्पुरते उसने घ्यायची कमांड म्हणजे ‘सुडू’. ती १९८० च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोच्या विद्यापीठात बॉब कॉगशॉल आणि क्लिफ स्पेन्सर यांनी लिहिली. पहिल्यांदा वापरणाऱ्याला ती आधी तीन गोष्टी बजावते: दुसऱ्याच्या खासगीपणाचा मान ठेवा, टाइप करण्याआधी विचार करा, मोठ्या अधिकाराबरोबर मोठी जबाबदारी येते. परवानगी नसताना वापरून पाहिलीत तर मशीन व्यवस्थापकाकडे तशी नोंद करतं. घाबरू नका, पण पुन्हा पुन्हा करूही नका.

पटापट दहा घास

होमची खूण ~ का? बर्कलीत ज्या एडीएम-३ए टर्मिनलवर काम चालायचं, त्याच्या की-बोर्डवर ‘होम’ आणि ~ एकाच कळीवर छापलेले होते.

‘व्हीआय’ एडिटरमध्ये बाण न वापरता एच, जे, के, एल या कळांनी का फिरायचं? त्याच टर्मिनलवर बाण त्या चार अक्षरांवर होते आणि बिल जॉय यांनी तिथेच बसून हा एडिटर लिहिला.

त्यातून बाहेर पडायचं कसं? एस्केप, मग विसर्गचिन्ह, क्यू, उद्गारचिन्ह आणि एंटर. लाज वाटायचं काहीच कारण नाही. स्टॅक ओव्हरफ्लोवरच्या याच प्रश्नाला २०१७ पर्यंत दहा लाखांवर लोक भेट देऊन गेले होते.

टिंबाने सुरू होणारी फाइल ‘एलएस’मध्ये दिसत नाही, ती ‘एलएस -ए’ने दिसते. हे कुणी ठरवून केलेलं नाही. बेल लॅब्जमध्ये काम केलेले रॉब पाइक सांगतात, की एक टिंब आणि दोन टिंबं या दोन खास नोंदी लपवायच्या होत्या, आणि आळसाने पहिलंच अक्षर टिंब आहे का एवढंच तपासलं गेलं. टिंबवाल्या सगळ्याच फाइली अदृश्य!

शेलमध्ये, म्हणजे तुमच्या कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, ‘इफ’चा शेवट उलट्या ‘फी’ने होतो, ‘केस’चा ‘इसॅक’ने. मग ‘डू’चा शेवट ‘ओडी’ने का नाही? त्या नावाची कमांड आधीपासून होती. म्हणून बिचाऱ्या ‘डू’ला ‘डन’ मिळालं.

‘कॅल ९ १७५२’ टाकून पाहा. २ तारखेनंतर थेट १४! ब्रिटनने त्या महिन्यात पंचांग बदलून अकरा दिवस गाळले होते.

‘एलएस’ऐवजी चुकून ‘एसएल’ टाकलंत तर काही मशीनवर पडद्यावरून वाफेचं इंजिन धावत जातं. १९९३ मध्ये एका जपानी प्रोग्रॅमरने ते सोडलंय आणि ते पार होईपर्यंत वाट पाहावी लागते.

युनिक्सचं घड्याळ १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजतं. जुन्या, ३२ बिटांच्या मोजणीतले आकडे १९ जानेवारी २०३८ रोजी संपतील. भारतात तेव्हा सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटं आणि ७ सेकंद झाले असतील.

फाइल तयार करण्यासाठी प्रोग्रॅम युनिक्सला जी हाक (‘सिस्टिम कॉल’) देतो तिचं नाव ‘क्रिएट’ आहे, पण शेवटचा ‘ई’ गाळलेला. पुन्हा युनिक्स लिहिलंत तर काय बदलाल, असं विचारल्यावर थॉम्प्सन म्हणाले, तो ‘ई’ घालीन.

आणि कुठलीही कमांड अडली तर तिच्याआधी ‘मॅन’ लावा, तिची मार्गदर्शिका उघडते. युनिक्सची पहिली मार्गदर्शिका ३ नोव्हेंबर १९७१ ची आहे.

व्हीएसएनएल ते प्रत्युष

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं ते १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगमतर्फे. तेव्हा स्वस्तातलं खातं म्हणजे ‘शेल अकाउंट’. मोडेम किंचाळायचा आणि निगमच्या मशीनवर तुम्ही लॉगिन व्हायचात. चित्रं नाहीत, माऊस नाही. ‘पाइन’मध्ये ईमेल, ‘लिंक्स’मध्ये फक्त अक्षरांतली वेबपानं. मुंबई-पुण्यातल्या कितीतरी मुलांची जगाशी पहिली ओळख अशी सामायिक मशीनवरच झाली.

आजही चित्र फार वेगळं नाही. पुण्यात पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत जानेवारी २०१८ मध्ये ‘प्रत्युष’ हा महासंगणक सुरू झाला. पावसाच्या अंदाजाची गणितं करणाऱ्या अशा यंत्रापुढे कुणी खुर्ची टाकून बसत नाही. शास्त्रज्ञ आपल्या टेबलावरून लॉगिन करतात, काम रांगेत लावतात आणि निकाल घेतात. जगातल्या पहिल्या ५०० महासंगणकांच्या यादीतली सगळीच्या सगळी यंत्रं नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवर चालतात. म्हणजे ‘एलएस’, ‘सीपी’ शिकलेल्याला तिथेही रस्ता सापडतो.

असं लांबून लॉगिन करण्यासाठी वापरतात ‘एसएसएच’. हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरीला गेल्यावर तिथलेच तातू युलोनेन यांनी १९९५ मध्ये ते लिहिलं. त्यासाठी त्यांना हवा होता २२ हा पोर्ट क्रमांक, कारण २१ वर एफटीपी आणि २३ वर टेलनेट ही जुनी मंडळी होती. त्यांनी नम्रपणे ईमेल करून तो मागितला आणि मिळालासुद्धा.

आज सुरुवात कुठे करावी

मराठीतून ऐकत शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे लिनक्सचे धडे मराठीत आहेत, तेही फुकट. गर्दीतलं खातं हवं असेल तर १९८७ पासून चालू असलेलं ‘एसडीएफ’ आहे, आणि २०१४ मध्ये लेखक पॉल फोर्ड यांनी एका साध्या भाड्याच्या सर्व्हरवर सुरू केलेला ‘टिल्ड क्लब’ही. तिथे ‘हू’ टाकलं की खरंच माणसं दिसतात.

आणि खेळच हवा असेल तर ‘ओव्हर द वायर’चा ‘बँडिट’. एसएसएचने त्यांच्या सामायिक मशीनवर जायचं, लपवलेला पासवर्ड शोधायचा आणि त्याने पुढची पायरी उघडायची. पहिला पासवर्ड ‘रीडमी’ नावाच्या फाइलीत सरळ सापडतो. त्याच्या पुढच्याच पायरीवर फाइलचं नाव आहे नुसती आडवी रेघ: - . फाइल वाचून दाखवणाऱ्या ‘कॅट’ कमांडपुढे ते नाव लिहिलं की मशीन गप्प बसतं. कारण ‘कॅट’च्या लेखी त्या रेघेचा अर्थ ‘की-बोर्डवरून येईल ते वाच’, आणि ते तुमच्या टाइप करण्याची वाट पाहत असतं. कंट्रोल-सी दाबून सुटका करून घ्या आणि नावाआधी टिंब व तिरकी रेघ लावून पुन्हा लिहा: ./-